अंतोनियो विवाल्दीचे धार्मिक वृंदसंगीत

अंतोनियो विवाल्दी (जन्म : ४ मार्च १६७८, व्हेनिस, मृत्यू : २८ जुलै १७४१, व्हिएन्ना) हा अठराव्या शतकातील इटालियन संगीतरचनाकार, व्हायोलिनवादक आणि कॅथलिक धर्मगुरू होता. त्याची जगभरातील ख्याती प्रामुख्याने 'चार ऋतू' या व्हायोलिन कॉन्चेर्तोंमुळे असली, तरी चर्चमधील उपासनेसाठी त्याने लिहिलेले गायनवृंद व वाद्यवृंद यांचे संगीतही तितकेच मोलाचे मानले जाते. लॅटिन भाषेतील प्रार्थना, स्तोत्रे व स्तुतिगीते यांवर आधारलेल्या त्याच्या सुमारे पन्नास रचना आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी डी मेजरमधील 'ग्लोरिया' (आरव्ही ५८९) ही सर्वाधिक गायली जाणारी रचना होय. या संगीताचा मोठा भाग व्हेनिसमधील एका अनाथालयातील मुलींसाठी लिहिला गेला. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ते जवळजवळ दोन शतके विस्मृतीत गेले होते. १९२६ नंतर त्याची हस्तलिखिते सापडल्यावरच त्याचे खरे स्वरूप जगापुढे आले.

लेखात रचनांच्या नावापुढे येणारी 'आरव्ही' ही अक्षरे डॅनिश अभ्यासक पीटर रिओम याने तयार केलेल्या विवाल्दीच्या रचनासूचीचा निर्देश करतात.

पार्श्वभूमी

विवाल्दीचे वडील जोव्हान्नी बात्तिस्ता हे व्हेनिसच्या सान मार्को या प्रमुख चर्चच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक होते. सान मार्कोला धार्मिक वृंदगानाची मोठी परंपरा होती. सोळाव्या शतकापासून तेथे गायक-वादकांचे दोन किंवा अधिक गट चर्चच्या वेगवेगळ्या भागांत उभे करून त्यांच्यात सवाल-जबाबाप्रमाणे गायन करविण्याची पद्धत रूढ झाली होती. विवाल्दीवर या परंपरेचे संस्कार लहानपणापासून झाले.

१७०३ मध्ये विवाल्दीला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. केसांच्या तांबूस रंगामुळे लोक त्याला 'तांबडा पाद्री' या अर्थाच्या टोपणनावाने ओळखत. छातीच्या विकारामुळे त्याने थोड्याच काळात मिस्सा म्हणण्याचे काम सोडले. धर्मगुरू मात्र तो अखेरपर्यंत राहिला. दीक्षा मिळाली त्याच वर्षी 'ओस्पेदाले देल्ला पिएता' या संस्थेत व्हायोलिनशिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. या संस्थेशी त्याचा संबंध, मधले खंड सोडता, पुढे साडेतीन दशके टिकला.

ओस्पेदाले देल्ला पिएता

'ओस्पेदाले' या शब्दाचा अर्थ येथे केवळ रुग्णालय असा नाही. आजारी, निराधार व अनाथ यांना आसरा देणारी धर्मादाय संस्था असा आहे. व्हेनिसमध्ये अशा चार मोठ्या संस्था होत्या : पिएता, मेंदिकांती, इंकुराबिली आणि ओस्पेदालेत्तो. त्यांपैकी पिएता ही चौदाव्या शतकात स्थापन झालेली संस्था टाकून दिलेल्या अर्भकांचा सांभाळ करीत असे. मुलगे मोठे झाल्यावर एखादा व्यवसाय शिकून बाहेर पडत. मुलींपैकी ज्यांच्या अंगी सांगीतिक गुण दिसत त्यांना गायन, वाद्यवादन व संगीतलेखन यांचे काटेकोर शिक्षण दिले जाई. अशा मुलींना 'वृंदकन्या' म्हणत. त्यांतील अनेक जणी संस्थेतच वाढल्या, धाकट्या मुलींच्या शिक्षिका झाल्या आणि तेथेच वृद्ध झाल्या.

या मुलींना आडनाव नव्हते. त्यांच्या वाद्यावरून किंवा आवाजावरून त्यांची ओळख होई. 'व्हायोलिनवाली आन्ना मारिया' किंवा 'ओबोवाली पेलेग्रिना' अशी नावे संस्थेच्या कागदपत्रांत आढळतात. जन्मदात्यांचा पत्ता नसलेल्या या मुलींना संगीताने कुळाच्या जागी एक ओळख दिली, असे म्हणता येईल.

गायन चालू असताना या मुली सज्जातील जाळीच्या मागे उभ्या राहत. श्रोत्यांना आवाज ऐकू येई. चेहरे दिसत नसत. यामागे शालीनतेची कल्पना होती. परंतु या अदृश्यतेमुळे कुतूहलही वाढे आणि युरोपभरातून येणारे प्रवासी ही उपासना आवर्जून ऐकत. फ्रेंच विचारवंत रूसो याने मेंदिकांतीतील गायन ऐकून पुढे गायिकांची भेट घेतली. जाळीमागे अप्सरा असतील अशी त्याची कल्पना होती. प्रत्यक्षात त्यांपैकी कोणी एका डोळ्याने अधू होती, तर कोणाच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. त्या प्रथम दर्शनाने निराश झालेला रूसो पुढे त्यांच्या सहवासात रमला, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

श्रोत्यांकडून मिळणाऱ्या देणग्या, खुर्च्यांचे भाडे आणि मृत्युपत्रांद्वारे येणारा पैसा यांचा संस्थेच्या चरितार्थाला आधार होता. त्यामुळे सतत नवे आणि उत्तम संगीत मिळविणे ही संस्थेची गरज होती. विवाल्दीचे धार्मिक संगीत या गरजेतून जन्मले.

धार्मिक संगीत लिहिण्याचा प्रसंग

विवाल्दीची मूळ नेमणूक वाद्यसंगीतासाठी होती. वृंदासाठी उपासनासंगीत रचणे हे 'वृंदप्रमुख' या वेगळ्या अधिकाऱ्याचे काम होते आणि ते पद फ्रांचेस्को गास्पारिनी याच्याकडे होते. १७१३ मध्ये गास्पारिनी व्हेनिस सोडून गेला. ते पद काही काळ रिक्त राहिल्याने नवे संगीत पुरविण्याची जबाबदारी विवाल्दीकडे आली. १७१५ मध्ये संस्थेच्या संचालकांनी एक संपूर्ण मिस्सा, सायंप्रार्थनेचे संगीत, एक ऑरातोरिओ, तीसहून अधिक मोटेट व इतर रचना यांबद्दल त्याला ५० दुकात इतके विशेष मानधन मंजूर केले. 'ग्लोरिया' आरव्ही ५८९ ही रचना याच सुमाराची असावी, असे मानले जाते.

अशीच संधी १७३७ ते १७३९ या काळात पुन्हा आली. वृंदप्रमुख जोव्हान्नी पोर्ता याने पद सोडल्यावर दुसरी नेमणूक होईपर्यंत संस्थेने विवाल्दीकडून काही धार्मिक रचना घेतल्या. म्हणजे त्याचे बरेचसे वृंदसंगीत हे कायम पदाचे फळ नसून दुसऱ्याच्या अनुपस्थितीत मिळालेल्या कामाचे फळ आहे.

सर्वच रचना पिएतासाठी मात्र नव्हत्या. आल्तो आवाजासाठीचे 'स्ताबात मातेर' (आरव्ही ६२१) ब्रेशिया शहरातील एका चर्चसाठी १७१२ मध्ये लिहिले गेले.

रचनांचे प्रकार

कॅथलिक उपासनेत मिस्सा व सायंप्रार्थना यांना संगीताच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. विवाल्दीच्या रचनांचे वर्गीकरण त्याला धरून करता येते.

मिस्साचे भाग : मिस्सामधील कायम म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांपैकी 'किरिए' (दयेची याचना), 'ग्लोरिया' (ईश्वराचे स्तवन) आणि 'क्रेदो' (श्रद्धेची कबुली) यांच्या त्याच्या रचना उपलब्ध आहेत. निःसंशयपणे त्याचीच म्हणता येईल अशी संपूर्ण मिस्सा मात्र आज उपलब्ध नाही. 'किरिए' (आरव्ही ५८७) दोन वृंदांसाठी आहे. 'क्रेदो' (आरव्ही ५९१) या रचनेत एकलगायन मुळीच नाही. सर्व पाठ वृंदानेच गायचा आहे.

सायंप्रार्थनेची स्तोत्रे : बायबलमधील स्तोत्रसंहितेतील पाच स्तोत्रे, एक भक्तिगीत आणि 'माग्निफिकात' असा सायंप्रार्थनेचा साधारण क्रम असे. यासाठी विवाल्दीने 'दिक्सित दोमिनुस', 'बेआतुस विर', 'निसी दोमिनुस', 'लाउदा जेरुसालेम' इत्यादी स्तोत्रांना संगीत दिले. काही स्तोत्रांना त्याने एकाहून अधिक वेळा चाल लावली आहे.

मोटेट व प्रास्ताविका : मोटेट हे एकलगायनासाठीचे, नव्याने रचलेल्या लॅटिन शब्दांवरील गीत असे. मोठ्या वृंदरचनेपूर्वी गायच्या मोटेटला प्रास्ताविका म्हणता येईल. 'ग्लोरिया' आरव्ही ५८८ हिच्या आधी येणारी प्रास्ताविका तर मुख्य रचनेत मिसळून जाते.

ऑरातोरिओ : ऑरातोरिओ म्हणजे अभिनय व नेपथ्य यांविना गायलेले धार्मिक कथानाट्य. १७१६ मधील 'युदिथा त्रिउम्फान्स' (आरव्ही ६४४) हा विवाल्दीचा उपलब्ध असलेला एकमेव ऑरातोरिओ आहे. त्यात शत्रूच्या सेनापतीचा वध करणाऱ्या युदिथाच्या बायबलमधील कथेला, त्या काळी चालू असलेल्या व्हेनिस आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यातील युद्धाच्या रूपकाची जोड दिलेली आहे. सेनापती होलोफेर्नेसची भूमिकाही पिएतामधील गायिकेनेच गायली.

'ग्लोरिया' आरव्ही ५८९

ख्रिस्तजन्माच्या वेळी देवदूतांनी गायलेल्या स्तुतीपासून आरंभ होणारी ही प्राचीन लॅटिन प्रार्थना आहे. विवाल्दीने तिचे बारा भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र चाल, लय व वाद्ययोजना दिली आहे. चार स्वरांचा वृंद, दोन सोप्रानो व एक आल्तो अशा एकलगायिका, ट्रम्पेट, ओबो, तंतुवाद्ये आणि कंटिन्युओ या नावाने ओळखली जाणारी ऑर्गन, चेलो इत्यादींची आधारसाथ असा तिचा संच आहे. संपूर्ण रचना सुमारे अर्ध्या तासाची आहे.

पाश्चात्त्य संगीतातील मेजर स्वरसप्तक आपल्याकडील बिलावल थाटाशी जुळते. मायनर सप्तकाचे मूळ रूप आसावरी थाटाशी जुळते. हे ध्यानात घेतल्यास या रचनेतील भावबदल मराठी वाचकाला सहज कळू शकतो. पहिला भाग डी मेजरमध्ये आहे. एका सप्तकाच्या उड्या घेणारी वाद्यांची ठसठशीत सुरावट, ट्रम्पेटचा नाद आणि वृंदाने एकत्र उच्चारलेले शब्द यांतून उत्सवाचे वातावरण उभे राहते. शब्द देवाच्या स्वर्गातील महिमेचे आहेत.

दुसऱ्या भागात शब्द पृथ्वीवरील माणसांसाठी शांती मागतात आणि संगीत एकदम बी मायनरमध्ये, संथ लयीत उतरते. एका आवाजाने स्वर धरून ठेवायचा, दुसऱ्याने सरकून त्याच्याशी क्षणभर विसंवाद निर्माण करायचा आणि मग तो सोडवायचा, असा क्रम येथे दीर्घकाळ चालतो. स्वर्गाचे वैभव झटकन सांगता येते, पण पृथ्वीवरील शांती सहज हाती लागत नाही, असा अर्थ या दोन भागांच्या शेजारातून अनेक श्रोत्यांना जाणवतो. शब्दांचा अर्थ स्वरांच्या रचनेतून कसा व्यक्त होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पुढील भागांत विविधता राखलेली आहे. तिसरा भाग दोन सोप्रानोंचे खेळकर युगुलगान आहे. सहाव्या भागात एकटी सोप्रानो व ओबो यांचा संवाद झुलत्या लयीत चालतो. आठव्या भागात आल्तो एकटी याचना करते आणि वृंद तिच्या ओळींमध्ये मोजक्या शब्दांनी साथ देतो. एकटीचा विलाप आणि समुदायाची प्रार्थना यांची ही गुंफण रचनेतील सर्वांत अंतर्मुख करणारी मानली जाते. अकराव्या भागात आरंभीचे संगीत संक्षेपाने परत येते.

बारावा भाग फ्यूग या प्रकारात आहे. फ्यूगमध्ये एक आवाज मूळ सुरावट मांडतो, तीच सुरावट दुसरा, तिसरा व चौथा आवाज क्रमाने उचलतात, आणि आधीचे आवाज त्या वेळी वेगळ्या सुरावटी गात राहतात. हा अंतिम भाग विवाल्दीची स्वतंत्र निर्मिती नाही. जोव्हान्नी मारिया रुज्जेरी या समकालीन रचनाकाराच्या १७०८ मधील 'ग्लोरिया'वर तो आधारलेला आहे. विवाल्दीने आपल्या दुसऱ्या 'ग्लोरिया'च्या (आरव्ही ५८८) शेवटीही हेच मूळ वापरले. इतरांच्या रचनांचा असा पुनर्वापर त्या काळी सर्रास होत असे.

'माग्निफिकात' आरव्ही ६१०

'माग्निफिकात' हे लूकच्या शुभवर्तमानातील कुमारी मरियेचे स्तोत्र असून ते सायंप्रार्थनेच्या अखेरीकडे गायले जाते. विवाल्दीची जी मायनरमधील ही रचना 'ग्लोरिया'च्या तुलनेने आटोपशीर आणि गंभीर आहे. तिचा आरंभ ट्रम्पेटच्या जल्लोषाने होत नाही. संथ, अर्धस्वरांनी पुढे सरकणाऱ्या स्वरसंवादाने होतो. ईश्वराच्या दयेविषयीच्या भागात हीच अर्धस्वरी चलने अधिक दाट होतात.

बलाढ्यांना सिंहासनावरून खाली ओढून दीनांना वर उचलले, या अर्थाच्या ओळीसाठी विवाल्दीने वेगळी योजना केली आहे. एरवी चार वेगवेगळ्या सुरावटींत वावरणारा वृंद येथे वाद्यांसह एकाच सुरावटीत गातो. स्वरांतील सारे भेद गळून पडतात आणि केवळ शब्दांचा जोर उरतो.

ही रचना त्याने अनेक वर्षे हाताशी ठेवली आणि गरजेप्रमाणे बदलली. आधीच्या आवृत्तीत नंतर ओबो आले व वृंदाची विभागणीही झाली. पुढे आरव्ही ६११ या आवृत्तीत काही भाग काढून पिएतामधील पाच गायिकांसाठी नवी एकलगीते घातली गेली. हस्तलिखितात त्या गायिकांची नावे लिहिलेली आहेत. जाळीमागे अदृश्य राहिलेल्या या स्त्रियांची नावे अशा रीतीने कागदावर टिकून राहिली.

दोन वृंदांच्या रचना

'दिक्सित दोमिनुस' (आरव्ही ५९४), 'बेआतुस विर' (आरव्ही ५९७), 'लाउदा जेरुसालेम' (आरव्ही ६०९) आणि 'किरिए' (आरव्ही ५८७) या रचना दोन वृंद व दोन वाद्यवृंद यांच्यासाठी आहेत. सान मार्कोची जुनी परंपरा येथे नव्या रूपात दिसते. एका वृंदाने मांडलेला वाक्यांश दुसरा वृंद समोरून परत करतो आणि महत्त्वाच्या ठिकाणी दोन्ही वृंद एक होतात. 'बेआतुस विर'मध्ये आरंभीच्या शब्दांची लहानशी सुरावट ध्रुवपदासारखी पुनःपुन्हा येते. वाद्यसंगीतातील कॉन्चेर्तोची परतून येणारी सुरावट हाताळण्याचा विवाल्दीचा सराव येथे स्तोत्ररचनेच्या उपयोगी पडला आहे.

पुरुषांचे स्वर कोणी गायले?

पिएतामधील वृंद केवळ स्त्रियांचा होता. असे असूनही विवाल्दीच्या वृंदरचना सोप्रानो, आल्तो, टेनर आणि बेस अशा चार स्वरांत लिहिलेल्या आहेत. शेवटचे दोन स्वर सामान्यतः पुरुषांचे असतात. त्यामुळे हे स्वर कोण गात असे, हा प्रश्न अभ्यासकांपुढे दीर्घकाळ होता.

संस्थेच्या कागदपत्रांत 'टेनरवाली पावलिना' व 'बेसवाली आन्ना' अशी नावे आढळतात. त्यावरून काही स्त्रिया खालचे स्वर गात असत, हे स्पष्ट होते. टेनरचा स्वर खोल आवाजाच्या स्त्रीला मूळ पट्टीतच गाता येतो. बेसच्या बाबतीत, जेथे स्वर फारच खाली जाई तेथे तो एक सप्तक वर गायला जात असावा, असे मत मांडले गेले आहे. खालच्या सप्तकात चेलो, ऑर्गन इत्यादी वाद्ये तीच सुरावट वाजवीत असल्यामुळे स्वरसंवादाचा पाया ढळत नाही.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील सवयीनुसार हे संगीत स्त्री-पुरुषांच्या मिश्र वृंदांनी गायले जाऊ लागले आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्यांचा आवाज श्रोत्यांच्या कल्पनेतूनही नाहीसा झाला. अलीकडच्या दशकांत केवळ स्त्रीवृंदांनी केलेल्या सादरीकरणांमुळे त्या मूळ नादाचा अंदाज येऊ लागला आहे. आजही बहुतेक ठिकाणी मिश्र वृंदच या रचना गातात. दोन्ही पद्धती मान्य आहेत.

विस्मरण

१७४० मध्ये विवाल्दीने व्हेनिस सोडले. पुढच्या वर्षी व्हिएन्ना येथे त्याचा मृत्यू झाला आणि अत्यंत साधेपणाने त्याचे दफन करण्यात आले. संगीताची अभिरुची तोपर्यंत बदलली होती. त्याची धार्मिक रचना छापली गेली नव्हती. ती हस्तलिखितांतच होती. त्यामुळे वादक-गायकांच्या हाती ती येणे बंद झाले.

व्हेनिसमध्ये आज 'विवाल्दीचे चर्च' म्हणून दाखविले जाणारे पिएताचे चर्च त्याच्या मृत्यूनंतर, १७४५ ते १७६० या काळात बांधले गेले. त्याचे संगीत ज्या जुन्या प्रार्थनागृहात घुमले, ते हे नव्हे.

पुनर्शोध

विवाल्दीच्या स्वतःच्या संग्रहातील हस्तलिखिते प्रथम व्हेनिसचा ग्रंथसंग्राहक जाकोपो सोरांत्सो याच्याकडे व पुढे जाकोमो दुरात्सो या सरदाराकडे गेली. दुरात्सोच्या वारसांमध्ये संग्रहाची विभागणी झाली. त्यातील एक भाग उत्तर इटलीतील सालेशियन पंथाच्या एका विद्यालयाला मिळाला. १९२६ मध्ये विद्यालयाने विक्रीच्या हेतूने हा संग्रह तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे मूल्यमापनासाठी पाठविला. ग्रंथपाल लुईजी तोर्री आणि संगीताभ्यासक आल्बेर्तो जेंतीली यांना त्यात विवाल्दीच्या हस्तलिखितांचे १४ खंड आढळले.

ग्रंथालयाकडे खरेदीसाठी पैसा नव्हता. रोबेर्तो फोआ या व्यावसायिकाने आपल्या दिवंगत बालकाच्या, माऊरोच्या, स्मरणार्थ संग्रह विकत घेऊन १९२७ मध्ये तो ग्रंथालयाला दिला. खंडांच्या तपासणीतून संग्रहाचा दुसरा भाग अन्यत्र असल्याचे जेंतीलीच्या लक्षात आले. तो जेनोवा येथे दुरात्सोच्या वंशजाकडे मिळाला. १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या उद्योजकाने आपल्या दिवंगत मुलाच्या, रेन्झोच्या, नावाने तोही ग्रंथालयाला मिळवून दिला. म्हणून हे संग्रह आजही त्या दोन मुलांच्या नावांनी ओळखले जातात. टाकून दिलेल्या मुलांसाठी लिहिलेले संगीत, आपली मुले गमावलेल्या दोन पित्यांमुळे जगाला परत मिळाले.

१९३८ च्या वंशविषयक कायद्यांमुळे ज्यू असलेल्या जेंतीलीला आपले कार्य पुढे नेता आले नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये सिएना येथे रचनाकार आल्फ्रेदो कासेल्ला याने भरविलेल्या विवाल्दी सप्ताहात 'ग्लोरिया' गायली गेली. ते तिचे आधुनिक काळातील पुनरागमन होते. १९४७ मध्ये विवाल्दीला वाहिलेली संस्था इटलीत स्थापन झाल्यावर रचनांच्या पद्धतशीर प्रकाशनाला वेग आला.

नव्याने ओळख पटलेल्या रचना

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर इसेप्पो बाल्दान या व्हेनिसच्या नकलकाराने ड्रेस्डेनच्या दरबाराला धार्मिक संगीताच्या प्रती पुरविल्या. त्यांतील काही प्रतींवर विवाल्दीऐवजी त्या वेळी अधिक लोकप्रिय असलेल्या बाल्दास्सारे गालुप्पी याचे नाव घातलेले होते. अभ्यासकांनी शैली, हाताळणी आणि इतर रचनांशी असलेले साम्य तपासून मूळ कर्ता निश्चित केला. 'बेआतुस विर' (आरव्ही ७९५), २००३ मध्ये ओळख पटलेले 'निसी दोमिनुस' (आरव्ही ८०३) आणि २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॅनिस स्टॉकिट यांना आढळलेले 'दिक्सित दोमिनुस' (आरव्ही ८०७) या त्यांपैकी प्रमुख होत.

वैशिष्ट्ये आणि महत्त्व

विवाल्दीच्या वृंदसंगीतात जुन्या चर्चशैलीतील फ्यूग, व्हेनिसची द्विवृंद परंपरा, ऑपेरातील भावपूर्ण एकलगायन आणि कॉन्चेर्तोमधील वाद्यांचा जोश यांचा मेळ आहे. वृंदाचे लेखन सहसा सुटसुटीत असून शब्द स्पष्ट ऐकू येतात. गुंतागुंत बव्हंशी वाद्यांकडे सोपविलेली असते. त्यामुळे हौशी व शालेय वृंदांनाही 'ग्लोरिया' गाता येते, आणि तिच्या लोकप्रियतेचे ते एक कारण आहे. विद्यार्थ्यांनी या रचनेचे पहिले दोन भाग लागोपाठ ऐकल्यास मेजर-मायनरचा भेद आणि शब्द व स्वर यांचे नाते, या दोन्ही गोष्टी व्याख्येपेक्षा अधिक स्पष्टपणे समजतात.